एक काना कमी

अंकलची मोटारसायकल मी पाडली. चालवताना नव्हे. ती दारात उभी होती, इंजिन बंद होतं, किल्ली टोरांटोत अंकलच्या खिशात होती, आणि तशा उभ्या गाडीला मी आडवं केलं. एवढं साधं वाक्य तोंडातून काढायला मला मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत वेळ लागला. तेवढ्या काळात एका माणसाची राहती जागा गेली. मी घालवली.

ब्रॉसार्डमध्ये, टोरांटोपासून पाच-सहा तासांवरच्या फ्रेंच बोलणाऱ्या गावात, अंकलच्या घराच्या बेसमेंटमध्ये दोन खोल्या आहेत आणि दोन्हींत मिळून एक किचन. अंकल मूळचे वसईचे. मी आले तेव्हा त्यांना काका म्हणाले, तर म्हणाले, "काका नको गं बाय, म्हातारा झाल्यासारखं वाटतं. अंकल म्हण." ते आणि आन्टी वर राहायचे. खाली एका खोलीत मी, दुसऱ्या खोलीत बिहारचे एक गृहस्थ. चाळिशीचे असतील. मी त्यांना भाईसाब म्हणायची आणि ते मला, मी वयाने पंधरा वर्षं लहान असून, दीदी. ते स्वतःच्या व्हॅनमधून पार्सलं पोचवायचं काम करायचे. पहाटे निघायचे, संध्याकाळी यायचे, जेवायचे आणि फ्रेंच शिकायचे. फ्रिजवर त्यांनी पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. फ्रेंच शब्द देवनागरीत, बाजूला हिंदी अर्थ. सगळ्यात वरची, सगळ्यात जुनी चिठ्ठी होती: 'देझोले – माफ़ कीजिए'. मी एकदा विचारलं, पहिला शब्द हाच का शिकलात? म्हणाले, "दीदी, काम का शब्द है. सबसे ज़्यादा यही लगता है."

त्या चिठ्ठ्यांच्या शेजारी, एका लोहचुंबकाखाली, माझं पत्रक असायचं. भाडेकरूंच्या एका छोट्या गटासाठी मी पत्रकं लिहिते. आधी मराठीत, कारण मला विचार मराठीतच करता येतो, मग हिंदी आणि इंग्रजी, आणि गटातलं कुणीतरी त्याचं फ्रेंच करतं. भाईसाब प्रत्येक पत्रक नीट वाचायचे आणि चार घड्या घालून पाकिटात ठेवायचे. अंकलही वाचायचे. जिन्यावरून खाली ओरडायचे, "बाय, ह्या शोषकांत मी पण आहे काय गं?"

"तुम्हीसुद्धा आहात."

"मग हीटिंग बंद करू काय?"

"करा. पुढचं पत्रक त्यावर काढते."

ते खूश होऊन हसायचे. वाईट माणूस नव्हता. हे मी तेव्हाही जाणून होते, आणि तरी त्यांना हसताना बघून मनात म्हणायची, घरमालक आहे, हसणारच.

मी वाढलेच पत्रकांत. इचलकरंजीत माझे वडील एका लहानशा छापखान्यात मुद्रितं तपासायचे, आणि संध्याकाळी यंत्रमाग कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्याकडे भांडणं व्हायची ती क्रियापदांवरून. मी पाचवीत असताना कुठल्याशा पत्रकाचा मसुदा त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते. 'भिंत कोसळून दोन कामगार जखमी झाले.' वडिलांनी लाल पेन उघडलं. "भिंतीला हौस आली होती काय गं कोसळायची?"

"म्हणजे?"

"क्रियापदाला विचार, कुणी? उत्तर येत नसेल तर समज, कुणीतरी लपलंय त्यात."

तेव्हापासून ते माझ्या अंगात भिनलं. कामगार कमी झाले नाहीत, कमी केले. वीज गेली नाही, तोडली. कॉलेजात मी याच्यावरून मास्तरांशी भांडले, वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, एका मैत्रिणीला 'आमचं तुटलं' म्हणाली म्हणून अर्धा तास सुनावलं. माझ्या दृष्टीने अर्धं जग या एका व्याकरणात लपून बसलेलं होतं आणि मी त्याला कानाला धरून बाहेर काढणार होते.

वडिलांची एक मोटारसायकल होती. मागच्या कॅरियरला पत्रकांचे गठ्ठे बांधून ते सगळ्या वसाहतींत फिरायचे. गठ्ठे घसरू नयेत म्हणून गाडी नेहमी डबल स्टँडला लावायची हा घरचा कायदा. साइड स्टँडला हात लावलेला त्यांना चालायचा नाही. सतराव्या वर्षी मी ती गाडी चालवायला शिकले ती अशी: आधी उतरायचं, दोन्ही हातांनी गाडी सरळ धरायची, पायाने खालचा स्टँड चाचपायचा, त्यावर वजन टाकायचं, आणि गाडी मागे ओढायची. खट्. आधी उतरायचं, मग स्टँड. पाच वर्षं मी ते केलं.

अंकलच्या गाडीला डबल स्टँड नव्हताच.

त्या शनिवारी अंकल आणि आन्टी टोरांटोला गेले होते, त्यांच्या भाचीचा चर्चमधला पहिला कम्युनियन होता. भाईसाबांची व्हॅन सकाळी सहालाच निघून गेली होती. ड्राइव्हवेमध्ये डावीकडे मोटारसायकल आणि उजवीकडे व्हॅन, अशी जागांची वाटणी होती. दुपारी मी कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आले. ऊन चांगलं पडलं होतं, त्या वर्षातलं पहिलं, जॅकेट न घालता उभं राहता येण्यासारखं. गाडी धुऊन पुसून ठेवलेली, काळी, रुंद टाकीची, अंकलच्या सहा महिन्यांच्या विरहानंतर नुकतीच गॅरेजमधून बाहेर आलेली. मला वाटलं, हिच्यावर बसून वडिलांना एक फोटो पाठवावा.

बसले. गाडी सरळ केली, टाचेने साइड स्टँड मागे सारला, कारण स्टँडवर कललेल्या गाडीवरचा फोटो दुबळा दिसतो. हात लांब करून फोटो काढला, पाठवला, खाली लिहिलं, 'पत्रकं वाटायला नवीन गाडी.' आणि उतरले.

आधी उतरले. फोन उजव्या हातात, हँडल डाव्या हातात, आणि डावा पाय खाली स्टँड चाचपतोय. तो सापडेना. पाय हवेत फिरत राहिला. दोन माणसांच्या वजनाची गाडी, हँडल डावीकडे लॉक केलेलं, ती माझ्याकडे जराशी कलली. मी फोन टाकून दुसरा हात लावला तोवर उशीर झाला होता. ती पडली असं म्हणता येणार नाही. ती माझ्या मांडीवरून हळूहळू, जवळजवळ अदबीने, खाली गेली. मग काहीतरी कडकन वाजलं.

फोन गवतात पडला होता. त्यावर वडिलांचं उत्तर आलेलं. 'छान. पण या गाडीला डबल स्टँड दिसत नाही. सांभाळ.'

मी आजूबाजूला पाहिलं. समोरच्या घराचे पडदे ओढलेले होते. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी आधी गाडीकडे न बघता रस्त्याकडे बघितलं, हे माझ्या लक्षात राहिलं आहे.

पडलेली गाडी उचलायची पद्धत मला वडिलांनी शिकवलेली होती. गाडीकडे पाठ करायची, बुड सीटला टेकवायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोराने मागे मागे चालत जायचं. त्याआधी या वेळी साइड स्टँड बाहेर काढायचं मात्र विसरले. दुसऱ्या प्रयत्नात काढलं. गाडी उभी राहिली.

मग मी तपासायला बसले. पाठीमागे कोरं असलेलं एक पत्रक खिशात होतं, त्यावर टिपत गेले. आधी पेट्रोल: टाकीच्या झाकणाजवळ ओलं होतं, वास येत होता, पण खाली थेंब पडत नव्हते. इंजिनखाली हात फिरवला, तेल नव्हतं. डावा आरसा पार आत फिरला होता, काच शाबूत. हँडलच्या टोकाचा गोल वजनी तुकडा एका बाजूने खरवडला होता, त्यात डांबराचे कण रुतले होते. क्लचचा लिव्हर टोकाशी वाकला होता, थोडासाच, बोटं ठेवली तर जाणवेल एवढा. तो दाबून सोडून पाहिला. इंडिकेटर रबरी दांडीवर होता, वाकून पुन्हा सरळ झाला होता. पेटतो की नाही हे किल्लीशिवाय कळणार नव्हतं. पाय ठेवायची दांडी दुमडते, ती वाचली. गिअरचा लिव्हर आत, इंजिनच्या आवरणाच्या दिशेने वळला होता. आवरणावर नखाएवढा ओरखडा. मग गाडीसमोर उकिडवं बसून हँडलच्या दोन्ही बाजूंचा बाक बोटांनी चाचपून ताडून पाहिला, हँडल वाकलंय का ते कळायला. टाकीवरून तळहात फिरवला. पोचा नव्हता. तिथे मला रडू आलं, सुटकेचं.

आरसा मी परत बाहेर फिरवला. डांबराचे कण नखाने काढले. ओल्या कपड्याने सगळी डावी बाजू पुसली. ती टिपणं माझ्याकडे अजून आहेत. 'आरसा फिरला. टोक खरवडलं. क्लच लिव्हर वाकला. गिअर लिव्हर वळला. आवरणावर ओरखडा आला.' पाच वाक्यं आणि माणूस एकही नाही. वडिलांनी पाचवीतल्या मुलीकडून खपवून घेतलं नसतं असं मराठी मी चोविसाव्या वर्षी, स्वतःसाठी, स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

मग अंकलना मेसेज केला. 'अंकल, तुमची गाडी पडली. मी उभी केली. पेट्रोल-तेल गळत नाही. क्लचचा आणि गिअरचा लिव्हर थोडा वाकलाय, बाकी फार काही नाही. काळजी करू नका.'

मी तो मेसेज पाठवण्याआधी तीनदा वाचला. शपथ घेऊन सांगता आला असता, इतका प्रत्येक शब्द खरा होता. 'पडली'मध्ये फक्त एक काना कमी होता.

दोन मिनिटांत अंकलचा फोन. मागे हॉलमध्ये गाणी चालली होती. "बाय, थँक यू हां. एकटीने उचललीस? कमाल आहेस तू. पाठ नाय ना दुखली?"

"नाही अंकल."

"कुठल्या साइडला पडली होती?"

"डावीकडे."

"आणि व्हॅन?"

"व्हॅन सकाळी गेली."

व्हॅन उजवीकडे असायची. उजवीकडून धक्का बसला तर गाडी डावीकडेच पडणार. "हां," अंकल म्हणाले. "रिव्हर्स घेताना त्याचा बंपर लागला असणार. सांगितलं पण नाय बघ. तसाच निघून गेला."

इथे मला बोलायचं होतं. जीभ टाळूला चिकटली वगैरे काही झालं नाही. उलट मी अगदी शांतपणे मनात म्हटलं, परत आले की समोरासमोर सांगू, पार्टीत कशाला त्यांचा मूड घालवायचा. स्वतःला असलं काही पटवताना माझी वाक्यरचना नेहमीच उत्तम असते.

रविवारी संध्याकाळी अंकल आले, कपडेही न बदलता गाडीपाशी गेले. मी बेसमेंटच्या खिडकीतून त्यांचे बूट बघत होते. बूट डावीकडे गेले, तिथे बराच वेळ थांबले, मग एक गुडघा जमिनीला टेकलेला दिसला. मग ते खाली आले. किचनमध्ये भाईसाब कणीक मळत होते आणि मी डबा धूत होते.

"क्या भाई," अंकल हिंदीत म्हणाले, "कल सुबह गाड़ी को ठोका क्या तुमने?"

"कौन सी गाड़ी, अंकल?"

"मेरा बाइक. गिरा पड़ा था. इसने उठाया." त्यांनी माझ्याकडे हात केला. "ठोका तो बोलने का ना. चुपचाप निकल गए?"

भाईसाबांनी पिठाचे हात परातीवर तसेच धरले. ते आठवायचा प्रयत्न करत होते. एका प्रामाणिक माणसाला न घडलेली गोष्ट आठवायचा प्रयत्न करताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "अंकल, मुझे तो... आवाज़ नहीं आई कोई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दीदी, आपने सुना था कुछ? सुबह?"

"नहीं," मी म्हणाले. तेही खरंच होतं. सकाळी काही वाजलंच नव्हतं.

"हो सकता है लगी हो," भाईसाब म्हणाले. "जल्दी में था, नींद में था मैं. हो सकता है. सॉरी अंकल. देझोले." शेवटचा शब्द त्यांनी हसण्यासारखं तोंड करून म्हटला, पण कुणी हसलं नाही.

अंकलचा आवाज चढला. इतकी वर्षं गाडी चालवतोस, आरसे कशाला असतात, उद्या कुणाच्या मुलाला ठोकशील. शेवटी म्हणाले, उद्यापासून व्हॅन ड्राइव्हवेमध्ये नाय लावायची, रस्त्यावर लाव. भाईसाबांनी मान हलवली. अंकल वर गेल्यावर त्यांनी हात धुतले आणि बाहेर जाऊन फोनच्या उजेडात व्हॅनचा मागचा बंपर बघत बसले. तिथे एक जुना ओरखडा होता, कुठल्यातरी लोडिंग डॉकवरचा. त्यावर ते अंगठा फिरवत होते. आत आले तेव्हा म्हणाले, "निशान तो है दीदी. पुराना है कि नया, समझ नहीं आ रहा."

मी सांगायला तोंड उघडलं होतं. त्यांनी कणकेवर झाकण ठेवलं आणि मी माझ्या खोलीत गेले.

रस्त्यावर व्हॅन लावायची म्हणजे काय, हे इथे उन्हाळ्यात कळत नाही. हिवाळ्यात, ज्या रात्री बर्फ काढायचं असतं त्या रात्री रस्ता मोकळा लागतो. गाडी दिसली की ओढून नेतात. ज्याची व्हॅन हेच पोट आहे त्याला ड्राइव्हवे नसलेल्या घरात हिवाळा काढता येत नाही. भाईसाबांना हे माहीत होतं, अंकलना माहीत होतं, आणि भाडेकरूंच्या हक्कांवर पत्रकं लिहिणाऱ्या मला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. मला वाटलं, महिन्याभरात अंकलचा राग उतरेल. मी मधे बोलून बघितलं. म्हणजे भाईसाबांची बाजू घेतली. "अंकल, एकदा चूक झाली, सोडून द्या ना." किती उदार दिसले असेन मी! अंकल म्हणाले, "तू चांगली आहेस बाय, म्हणून तुला असं वाटतं."

जूनमध्ये एके दिवशी भाईसाब माझ्या दाराशी आले. "दीदी, एक चिट्ठी लिख देंगी? आपकी भाषा अच्छी है." त्यांना खोली सोडायची होती. नदीपलीकडे लव्हालला ओळखीचे चार जण मिळून एक घर घेत होते, तिथे मागे गाड्यांना जागा होती. काम याच बाजूला, म्हणजे रोज नदी ओलांडून यायचं, पूल, ट्रॅफिक, पण जागा होती. मी त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडला. 'मी ही खोली एक जुलैला सोडत आहे.' कारण काय लिहू, विचारलं.

"कारण मत लिखिए. लिखिए कि यहाँ अच्छा लगा. और बाइक के लिए एक बार और सॉरी लिख दीजिए."

ते मी लिहिलं. माझ्या हातांनी, नेटक्या इंग्रजीत, त्यांच्या नावाने, माझ्या कृत्याची माफी मागितली. त्यांनी सही केली आणि पत्र चार घड्या घालून ठेवलं, माझी पत्रकं ठेवायचे तसंच.

जुलैच्या पहिल्या तारखेला इथे भाडेकरार संपतात आणि निम्मा गाव घरं बदलत असतो. रस्तोरस्ती गाद्या, सोफे, दोरीने बांधलेले फ्रिज. त्या गर्दीत भाईसाबांचं सामान व्हॅनमध्ये दोन खेपांत मावलं. जाताना त्यांनी फ्रिजवरच्या चिठ्ठ्या काढल्या. अंकल बाहेर आले, हात मिळवला. मी दारात उभी होते. व्हॅन निघण्याआधी भाईसाब खाली उतरले, मागे जाऊन बघून आले, मग पुन्हा चढून रिव्हर्स घेतला. मला वाटलं, सामान नीट बसलंय का ते बघायला उतरले.

ऑगस्टमध्ये त्या खोलीत दुसरं कुणी आलं. सप्टेंबरमध्ये मी गटासाठी नवीन पत्रक लिहायला घेतलं, जागा सोडायला लागलेल्या लोकांवर, आणि सवयीप्रमाणे मराठी मसुदा वडिलांना पाठवला. सुरुवात अशी होती: 'आमच्या शेजारची खोली जुलैमध्ये रिकामी झाली.' मला ती चांगली सुरुवात वाटली होती. साधी, डोळ्यांसमोर चित्र उभं करणारी.

वडील हल्ली मसुद्याची प्रिंट काढून, लाल पेनाने तपासून त्याचा फोटो पाठवतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो फोटो आला. दोन पानांत एकच खूण होती. 'झाली'भोवती गोल, आणि समासात त्यांच्या बारीक, टोकदार अक्षरात: 'कुणी केली?'

त्यांना काही माहीत नव्हतं. ते फक्त मुद्रित तपासत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चमधल्या मासहून आल्यावर अंकल गॅरेजमध्ये मोटारसायकल हिवाळ्यासाठी लावत होते. सीट काढलेली, बॅटरी सोडवायचं चाललं होतं. वाकलेला गिअरचा लिव्हर त्यांनी मेमध्येच बदलून घेतला होता. क्लचचा मात्र तसाच होता. मी म्हणाले, "अंकल, ती गाडी मी पाडली होती."

"हां, उचललीस तू."

"उचलली पण. आधी पाडली. वर बसून फोटो काढला आणि उतरताना पाडली. व्हॅन लागलीच नव्हती."

त्यांनी पाना खाली ठेवला. क्षणभर त्यांना हसू आलं असावं, फोटोच्या भागावर, कारण ओठ हलले. मग तो चेहरा गेला. "मग मी त्याला..."

"तुम्ही त्यांना जे बोललात ते मी तिथे उभी राहून ऐकलं."

"आणि मी पण बघ," अंकल म्हणाले, "नीट विचारलं कुठे? तो सॉरी बोलला, मला बरं वाटलं. चौकशी खलास." त्यांनी चिंधीला हात पुसले. "तू इतकी पत्रकं लिहितेस गं. मालकांनी असं केलं, तसं केलं."

मी पाना उचलून त्यांच्यापुढे धरला.

"मला काय सांगतेस आता? मी फादर नाय. त्याला फोन कर. आत्ता. आणि सांग त्याला, व्हॅनला जागा आहे इथे. रूम भरली, पण जागा आहे. इकडे डिलिव्हरीला आला तर लावू दे, जेवू दे."

मी ड्राइव्हवेमध्ये, व्हॅन उभी असायची तिथे जाऊन फोन लावला. आवाजावरून तिकडे किचनमध्ये बरेच जण होते. कुकरची शिट्टी झाली. "अरे दीदी! कैसी हैं?"

"भाईसाब, अंकल की बाइक मैंने गिराई थी."

"कौन सी बाइक?"

"मई में. आपकी वैन नहीं लगी थी. मैं उस पर बैठी थी, मैंने गिराई. और आपसे पूछा तो मैं चुप रही."

कुकर पुन्हा वाजला. कुणीतरी गॅस बारीक केला. "मतलब मेरी वैन नहीं लगी थी?"

"नहीं."

"पक्का?"

"पक्का."

"अच्छा," ते म्हणाले. मग लगेच, जणू मलाच धीर द्यायला, बोलू लागले. त्या दिवसापासून ते प्रत्येक वेळी रिव्हर्स घेण्याआधी खाली उतरून मागे बघतात. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा, पावसातही. डोळे गेले असं वाटून त्यांनी तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, नजर उत्तम आहे. "तब तो और डर लगा, दीदी. आँख ठीक है तो फिर दिमाग़ में कुछ है. यहाँ सब मुझे इंस्पेक्टर बोलते हैं." आणि एकदम त्यांच्या आवाजात उत्साह आला. "रुकिए, रुकिए. स्पीकर पे डालता हूँ. आप एक बार फिर बोलिए. ज़ोर से."

मी पुन्हा बोलले. लव्हालच्या एका किचनमध्ये, माझ्या ओळखीच्या नसलेल्या तीन-चार माणसांसमोर, जोरात. "बाइक मैंने गिराई थी. भाईसाब ने नहीं."

तिकडे हशा झाला. एकाने विचारलं, "तो फिर सॉरी काहे बोला था बे?"

"मालिक पूछ रहा था," भाईसाब म्हणाले. "तो और क्या बोलता?"

मी इतकी वर्षं पत्रकं लिहिते आहे. त्या किचनमध्ये भाईसाबांचं ते वाक्य सहज, भाताच्या वाफेबरोबर निघून गेलं, आणि त्यावर कुणी थांबलंही नाही. मी अंकलचा निरोप सांगितला. जागा आहे, कधीही या. ते म्हणाले, हो हो, नक्की. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की नदीपलीकडून कुणी गाडी लावायला इकडे येत नाही.

फोन ठेवण्याआधी मी म्हणाले, "अब उतर के मत देखिएगा. ज़रूरत नहीं है."

"अब तो उतरूँगा ही, दीदी," ते म्हणाले. "आदत पड़ गई है."

मराठीत आपणही तसंच म्हणतो, सवय पडली. मी तिथेच उभी राहून ते वाक्य मनात पुन्हा लिहिलं, या वेळी काना देऊन, आणि त्याच्या आधी 'मी' घालून. मग गॅरेजमध्ये जाऊन अंकलना बॅटरी धरायला मदत केली. क्लचचा लिव्हर हाताला लागला. टोकाशी तो अजूनही वाकलेला होता.